हजेरी

मोल्सवर्थच्या कोशात 'गुन्हेगारी' हा शब्द काढून पाहिला म्हणजे आजचा वाचक क्षणभर थबकतो. अपराधीपणा हा अर्थ तेथे आहेच. पण त्याच्या जोडीला दुसरा अर्थ दिला आहे तो दंडाचा, अपराधाबद्दल वसूल केलेल्या रकमेचा. पेशवाईतल्या कागदांत हा दुसरा अर्थच जागोजाग भेटतो. कोणी शेजाऱ्याचा बांध कोरला, कोणी सरकारी मनाई मोडली, की त्याजपासून 'गुन्हेगारी' घ्यावयाची, ती जमेस धरावयाची, आणि प्रकरण मिटवावयाचे. गुन्हेगारी ही देऊन टाकण्याची वस्तू होती. पैसे मोजले की ती सरकारच्या खजिन्यात गेली, माणूस आपल्या घरी गेला.

पुढे शंभर वर्षांत या शब्दाचे असे काही झाले की तो रकमेला सोडून माणसाला लागला, आणि एका माणसाला लागला तो त्याच्या साऱ्या जातीला लागला. 'गुन्हेगार जमात' हा शब्द मराठीत रूढ झाला तो असा. कायदा एखाद्या कृत्याला मनाई करतो हे शाळकरी पोरालाही कळते. चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये. पण कृत्य बाजूस ठेवून कर्त्याचे कूळच मनाईखाली आणावयाचे, ही करामत कायद्याने कशी केली, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी जुन्या काळाविषयीचा एक भ्रम दूर केला पाहिजे. जन्मावरून माणसाचा संशय घेण्याची रीत इंग्रजांनी जहाजातून आणली, असे म्हणणे सोयीचे आहे, पण खरे नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावे, रात्री गावात फिरू नये, दिवसा कामाला यावे ते राजाज्ञेने ठरवून दिलेल्या खुणा अंगावर बाळगून यावे, अशी आज्ञा आहे. रात्री फिरण्याची बंदी आणि अंगावरची खूण, या दोन्ही गोष्टी पुढे दुसऱ्या नावाने आपल्याला भेटणार आहेत.

परंतु याच भूमीत कौटिल्यही होऊन गेला. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात संशयावरून कोणास धरावे याची मोठी यादी आहे. वाडवडिलांची मिळकत संपलेला, आपला देश, जात, नाव, धंदा खोटा सांगणारा, मद्यमांसावर आणि फुला-अत्तरांवर ऐपतीबाहेर खर्च करणारा, वरचेवर प्रवासाला जाणारा. यादी वाचताना कोणत्याही गावातले निम्मे लोक आत जातील असे वाटते. पण कौटिल्य तेथे थांबत नाही. तीन रात्री उलटून गेल्यावर केवळ संशयितास धरू नये, असे तो सांगतो. कारण इतक्या दिवसांनंतर त्याची नीट विचारपूस होऊ शकत नाही. चोरीचे हत्यार वगैरे सापडले तर गोष्ट वेगळी. आणि त्यापुढे तो असेही सांगतो की, चोर नसलेल्यास जो चोर म्हणेल त्याला चोराचाच दंड. संशयालाही मुदत असावी, आणि संशय घेणाऱ्यालाही काही जोखीम असावी, हा विचार मला त्या साऱ्या कठोर ग्रंथात फार मोलाचा वाटतो. ही दोन सूत्रे वाचकांनी ध्यानात ठेवावीत.

आमच्या बागलाणात आणि एकूण खानदेशात गावचा जागल्या बहुधा भिल्ल असे. देशावर हेच काम रामोशी करीत. चोरी झाली की जागल्याने माग काढावयाचा. धुळीतली पावले पाहत पाहत तो शिवेपर्यंत जाई आणि शेजारच्या गावच्या जागल्याच्या हवाली माग करी; मग जबाबदारी त्या गावाची. माग ज्याच्या शिवेत विरला त्याने चोरीची भरपाई द्यावी, असा दंडक. यात अन्याय होत नसेल असे नाही. पण ज्या माणसाला रानाची आणि वाटांची माहिती आहे त्याच्याकडेच राखणीचे वतन सोपवावे, हे शहाणपण त्यात होते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि ही घडी विस्कटली. वतने तुटली, देणी थांबली, आणि कालचा राखणदार आज लुटारू म्हणून सरकारी कागदात चढला. उमाजी नाईक हा रामोशी; त्याला ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिले. खानदेशात मात्र इंग्रजांना आपली चूक लवकर कळली. १८२५ मध्ये त्यांनी भिल्लांची पलटण उभी केली, औट्रमला तिच्यावर नेमले, आणि ज्यांना पकडण्यासाठी फौजा धाडल्या होत्या त्यांच्याच अंगावर सरकारी पोशाख चढवला. माणसे तीच, डोंगर तेच; सरकारी शाई तेवढी बदलली.

याच सुमारास उत्तरेत ठगांचे प्रकरण चालू होते. १८३६ च्या कायद्याने असे ठरवले की, एखादा मनुष्य ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी त्याला जन्मभराची सक्तमजुरी. त्याने स्वतः कोणाचा गळा आवळला हे दाखवण्याची गरज नाही. कायद्याच्या भाषेतले 'केले' हे क्रियापद येथे पहिल्यांदा मागे सरले आणि 'होता' हे पुढे आले. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी टोचतात, त्याला इलाज नाही. तरीदेखील येथे टोळी लागे, कट लागे. आईच्या पोटातून कोणी ठग होऊन येत नव्हता.

इंग्रजांच्या घरी याहून जुना दाखला होता. जिप्सी नावाचे भटके लोक तेथे गेले तेव्हा ते इजिप्तहून आले असा समज झाला, आणि १५३० साली आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटाने त्यांना देशाबाहेर घालवण्याचा कायदा केला. १५५४ च्या कायद्याने देश न सोडणाऱ्यास देहान्त शिक्षा सांगितली. १५६२ मध्ये तर त्यांच्या संगतीत राहणाऱ्यालाही त्याच पंक्तीला बसवले. हा कायदा रद्द व्हायला १७८३ साल उजाडावे लागले. हे लोक फिरत होते, त्यांचा ठावठिकाणा नव्हता, ते कोणाचे कूळ नव्हते की चाकर नव्हते, हा त्यांचा अपराध. स्थिर माणसाला फिरत्या माणसाची भीती वाटते. त्या भीतीला शिक्का मिळाला म्हणजे तिचा कायदा होतो.

आता १८७१ साल. त्या वर्षी १२ ऑक्टोबरला गुन्हेगार जमातींचा कायदा मंजूर झाला. एखादी जमात, टोळी किंवा लोकांचा वर्ग अजामीनपात्र गुन्हे पद्धतशीरपणे करीत असतो असे प्रांतिक सरकारला वाटले, तर गव्हर्नर जनरलच्या परवानगीने ती 'गुन्हेगार जमात' म्हणून जाहीर करता येई. त्या जमातीच्या माणसांची नोंदवही व्हावयाची, त्यांनी परवान्यावाचून नेमलेली हद्द सोडावयाची नाही. आणि सर्वात मोठी गोष्ट ही की, त्या जाहीरनाम्याच्या खरेखोटेपणाची चौकशी करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयास ठेवला नव्हता. हिंदुस्थानात जात पाहून धंदा ठरतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, असे समर्थन कायदेमंडळात करण्यात आले. आमच्याच जातिव्यवस्थेचे सूत साहेबाने आमच्याच गळ्यात अडकवले. सुताराच्या मुलालाही रंधा हाती धरायला काही वर्षे शिकावे लागते, एवढे तरी त्या सभेत कोणी विचारावयास हवे होते.

त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता. नोंदवहीत नाव असलेल्या हिजड्याने उघड्या जागी बायकी वस्त्रे, दागिने घातले, किंवा पैशासाठी नाच-गाणे केले, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. लुगडे हा गुन्हा होऊ शकतो, हे त्या कायद्यामुळे जगाला कळले.

याच वर्षाच्या आगेमागे आमच्या सटाण्यात एक वेगळेच प्रकरण घडत होते. यशवंतराव महादेव भोसेकर हे येथे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडू लागली, तेव्हा त्यांनी सरकारी खजिना लोकांत वाटून टाकला. रक्कम एक लाख सत्तावीस हजार होती असे सांगतात. वरचे अधिकारी तपासणीस आले तेव्हा तिजोरी भरलेली निघाली, अशी कथा आमच्याकडे लहान मूलही सांगते. कथेचा भाग सोडा. दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेली होती, आणि सरकारी नोकराने ताब्यातली रक्कम परभारे खर्चणे याला तिच्यात ४०९ वे कलम होते, जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. कलमाप्रमाणे पाहिले तर भोसेकर मोठे अपराधी. लोकांनी त्यांना देवमामलेदार म्हटले, आरम नदीकाठी त्यांचे मंदिर झाले, आणि मार्गशीर्ष वद्य एकादशीला त्यांचा रथ निघतो. मला येथे चमत्कार सांगावयाचा नाही. एकाच वर्षातली ही दोन टोके शेजारी ठेवून पाहावीत, एवढेच. एकीकडे कृत्य घडले होते, पण कर्त्याकडे पाहून लोकांनी ते पुण्य मानले. दुसरीकडे काहीही घडले नव्हते, तरी कर्त्याचे कूळ पाहून सरकारने ते पाप धरले.

मुंबई इलाख्यात हा कायदा पुष्कळ उशिरा, १९११ च्या सुधारणेनंतर, नीट लागू झाला. १९२४ मध्ये सगळे एकत्र करून नवा कायदा आला. कैकाडी, कंजारभाट, पारधी, बेरड, भामटा, छप्परबंद, लमाणांतले आणि रामोशांतले काही. याद्या वाढत गेल्या. यातल्या बहुतेकांचा पूर्वीचा धंदा काय होता पाहा. लमाणांचे बैलांचे तांडे धान्य आणि मीठ वाहत. १८०३ च्या लढाईत वेलस्लीच्या फौजेला दाणा पुरवला तो या तांड्यांनी. १८६५ साली आगगाडी थळ घाट चढून वर आली आणि तांड्याचे काम संपले. पारध्याची शिकार आणि कैकाड्याच्या टोपल्यांच्या काड्या रानातून येत; १८७८ च्या जंगल कायद्याने रान सरकारचे झाले. आधी पोटाचा मार्ग बंद करणारे कायदे आले, आणि मग पोटाचा मार्ग नाही म्हणून संशय घेणारा कायदा आला. दोन्ही कायदे करणारे हात एकच होते, पण खाती निराळी असल्यामुळे एकाचे दुसऱ्याला ठाऊक नसावे.

या कायद्याचा रोजचा चेहरा म्हणजे हजेरी. आम्हां मास्तर मंडळींना हा शब्द किती निरुपद्रवी वाटतो! सकाळी वही उघडावी, नाव घ्यावे, पोराने 'हजर' म्हणावे. तीच वही पाटलाच्या चावडीवर किंवा पोलीस ठाण्यात उघडली की, जो हजर नाही तो गुन्हेगार. नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेतलेले. ठरल्या वेळी येऊन हजेरी द्यावयाची, घर बदलले तर कळवावयाचे. लग्नाला परगावी जाणे झाले तर पास काढावयाचा. पासाची हद्द ओलांडलेला दिसला तर त्याला वॉरंटाशिवाय धरण्याचा अधिकार पोलिसालाच नव्हे, गावच्या पाटलालाही आणि जागल्यालाही. होय, जागल्यालाही, ज्याचे भाऊबंद कदाचित त्याच यादीत असतील. मद्रासेकडील पिरमलै कल्लर लोकांनी या नोंदणीस नकार दिला, तेव्हा पेरुंगामनल्लूर गावी ३ एप्रिल १९२० रोजी गोळीबार झाला आणि माणसे मेली. बोटाचा ठसा न देणे एवढाच त्यांचा अपराध होता.

१९२४ च्या कायद्यातले एक कलम तर कौटिल्याने वाचले असते तर त्याला घाम फुटला असता. जमातीचा नोंदलेला मनुष्य एखाद्या जागी अशा स्थितीत सापडला की, तो चोरी करण्याच्या बेतात होता किंवा संधीची वाट पाहत होता अशी न्यायालयाची खात्री झाली, तर तीन वर्षांपर्यंत कैद. तो वाट पाहत होता! कोणाची, हे त्याच्या जातीवरून ठरवावयाचे. कौटिल्याचा संशय तीन रात्री टिके. हा पिढ्यान् पिढ्या टिकला. आणि खोटा संशय घेणाऱ्याला दंड सांगणारे कलम शोधून सापडावयाचे नाही.

सेटलमेंटींचा कारभार मुंबई इलाख्यात स्टार्ट नावाच्या साहेबाकडे होता. हा मनुष्य वाईट नव्हता, हे नमूद केले पाहिजे. तारेच्या कुंपणाआड का होईना, शाळा निघाल्या, कामे मिळाली. पुढे १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचा तो अध्यक्ष होता, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व ठक्करबाप्पा तिचे सभासद होते. सोलापूरची सेटलमेंट अमेरिकन मराठी मिशनकडे होती. तेथली माणसे गिरण्यांत पाळीने जात, भोंगा झाला की परत कुंपणाच्या आत. गिरणीला बांधलेला मजूर मिळाला, सरकारला शांतता मिळाली, मिशनला सेवेचे क्षेत्र मिळाले. चांगल्या माणसांनी चालवलेला वाईट कायदा जास्त दिवस टिकतो, असे मला वाटते. सोलापुरात त्या वस्तीला अजून 'सेटलमेंट' म्हणतात. तार गेली, नाव राहिले.

स्वराज्य आले. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये काढून टाकला आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो साऱ्या देशातून गेला. त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. स्वातंत्र्य पंधरा ऑगस्टला मिळाले ते इतरांना; या लोकांना ते पाच वर्षे सोळा दिवस उशिरा पोहोचले.

मग १९५९ साल आले. त्या एका वर्षात मुंबई राज्याने दोन कायदे केले. पहिला सराईत गुन्हेगारांचा. यात जमात नाही, व्यक्ती आहे. आधी शिक्षा झालेली असावी लागते, तीही अनेकदा. कागदावर ही मोठी सुधारणा आहे आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. दुसरा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा. त्यातली भिकेची व्याख्या मी दोनदा वाचली. सार्वजनिक जागी भिक्षा मागणे किंवा घेणे, मग ते गाणे, नाच, भविष्यकथन, खेळ किंवा काही वस्तू विकण्याच्या मिषाने असो. शिवाय उदरनिर्वाहाचे दिसण्याजोगे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे, भिकेवर जगत असावा असे वाटण्यासारख्या रीतीने. पहाटे दारात येणारा वासुदेव, पाठीवर कोरडा ओढणारा पोतराज, नंदीबैलवाला, कुडमुड्या जोशी, दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर. ही सगळी मंडळी या एका वाक्यात मावली. आजीने वासुदेवाला सुपातून जोंधळे घातले ते दान, आणि त्याने झोळी पुढे केली तो गुन्हा. पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे स्थानबद्धता, वारंवार सापडल्यास दहा वर्षांपर्यंत.

कौटिल्यालाही हे नटनर्तक खेड्यात नको होते. लोकांच्या कामात त्यांनी विघ्न आणू नये, असे तो म्हणतो. म्हणजे दोन हजार वर्षांच्या अंतराने एकाच माणसावर पुन्हा बोट. हाच मुंबईचा कायदा दिल्लीसही लावला होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे तेथपुरती घटनाबाह्य ठरवली. तेथपुरती.

जमातीचा कायदा गेला तरी सवय गेली नाही, याचा पुरावा फार दूर शोधावा लागत नाही. १९९८ च्या फेब्रुवारीत बंगालमधील पुरुलियात बुधन शबर हा तरुण कोठडीत मारला गेला. त्याची जमात एकदा यादीत होती. कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याच्या विधवेला भरपाई द्यावयास लावली. त्याच वर्षी बारामतीस पिन्या हरी काळे या पारध्याचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या अर्जावर निकाल देऊन तुरुंगांच्या नियमपुस्तकांतील जातीवरून कामे वाटणारी कलमे रद्द केली. भटक्या जमातींचा मनुष्य पळून जाण्याच्या प्रवृत्तीचा असतो, अशी वाक्ये त्या पुस्तकांत तोवर छापील होती. म्हणजे कायदा गेल्यावर बहात्तर वर्षांनी त्याची सावली न्यायालयाला झाडून काढावी लागली.

महाराष्ट्रात आता चौदा विमुक्त जातींची यादी आहे, राखीव जागा आहेत. पण जातीचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी आपले वाडवडील कोठे राहत होते याचा कागद हवा. ज्यांना शंभर वर्षे एका जागी टिकू दिले नाही, किंवा टिकले तर तारेच्या आत, त्यांच्याकडे हा कागद मागावयाचा. त्यातही गंमत अशी की, कैकाडी मनुष्य विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीचा आणि आमच्याकडे विमुक्त जातीचा. जिल्ह्याची शीव ओलांडली की त्याची जात बदलते. पूर्वी शीव ओलांडली की तो आरोपी होई.

आमच्या शाळेत कैकाड्याचा एक मुलगा आहे, गणितात चलाख. दहावीनंतर पुढे शिकावयाचे तर दाखला लागणार, म्हणून त्याचा बाप एका कचेरीत चार खेपा घालून आला. दर खेपेस त्याला जुना पुरावा आणावयास सांगितले. शेत नाही तर सातबारा कोठला, आणि घरात शाळेची पायरी चढलेला हा मुलगाच पहिला. पाचव्या खेपेच्या आधी तो माझ्याकडे आला. ओट्यावर बसला, टोपी काढली, आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, आमचा आजा ठाण्यात हजेरीला जायचा. त्याचा अंगठा आसंल तिथं वहीत. त्यो कागद चालंल का?"

चालेल, मी म्हटले, वही सापडली तर. आता अर्ज लिहावयास घेतला आहे.